मग हे मेंढरांचे ओरडणे कसले?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत, ठाण्यातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये, ऐरोलीला नोकरी करणाऱ्या एका मुलीने उभे राहून इमारत निधीचा तपशीलवार जमाखर्च पाहायला मागितला. मागणी साधी होती. छापील पत्रकात 'इतर खर्च' अशी एक ओळ होती आणि त्या ओळीतली रक्कम पंखे, सतरंज्या व ध्वनिक्षेपक यांच्या एकत्रित खर्चापेक्षा मोठी होती. 'इतर' म्हणजे काय, एवढेच तिला हवे होते. मंडळीचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि ते म्हणाले, "बाई, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे. जिथे विश्वास आहे तिथे प्रश्न उरत नाही." मागच्या रांगांतून दोन-तीन 'आमेन' आले, सभा पुढच्या विषयाकडे वळली, आणि त्या दिवशी सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

त्या वादात दोन पक्ष पडले आणि दोघांनीही तो वाईट रीतीने चालवला, म्हणून हे लिहितो आहे. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की देवावर विश्वास ठेवणाऱ्याने देवाने नेमलेल्या माणसाचे मुकाट ऐकावे. त्याचे काही चुकले तर देव बघून घेईल, आपण बोट दाखवले तर ते मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाचे बंड ठरते. दुसऱ्या पक्षात बहुतेक तरुण आहेत आणि ते त्या मुलीची बाजू घेतात. त्यांच्या मते आज्ञा, अधीनता हे शब्दच जुन्या मिशन कंपाउंडातले आहेत. विश्वास ज्याचा त्याचा, देव आणि मी यांच्यामध्ये तिसऱ्याचे काम काय? मला असे दिसते की दोन्ही पक्ष आज्ञापालनाचा अर्थ एकच धरून चालले आहेत आणि तो अर्थच चुकीचा आहे. दोघांच्याही लेखी आज्ञा पाळणे म्हणजे तोंड बंद ठेवणे. एकाला त्यात पुण्य दिसते, दुसऱ्याला गुलामी, एवढाच काय तो फरक. ख्रिस्ती जीवनातले आज्ञापालन मुळात ऐकणे आहे. जो खरोखर ऐकतो त्याला प्रश्न पडतात आणि तो ते विचारतो. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याच्यावर तर ऐकण्याची जबाबदारी दुप्पट येते. त्या मुलीने जमाखर्च मागितला तेव्हा ती आज्ञेबाहेर गेली नव्हती, आज्ञेतच होती, असे माझे मत आहे.

ही गोष्ट समजायला इब्री म्हणजे हिब्रू किंवा ग्रीक शिकून यायला नको, आपली रोजची मराठी पुरे आहे. "पोरगं अजिबात ऐकत नाही हो," असे आई शेजारणीला सांगते तेव्हा पोराला कानाच्या डॉक्टरकडे न्या असे कोणी सुचवत नाही. कानावर घेणे आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हे दोन्ही अर्थ आपण लहानपणापासून एकाच क्रियापदात वापरतो. बायबलमधल्या जुन्या कराराच्या इब्रीतही हेच आहे: 'शामा' म्हणजे ऐकणे, आणि आज्ञा पाळणे म्हणायचे असते तिथे बहुतेक वेळा हाच धातू येतो. नव्या करारातला ग्रीक शब्द 'हुपाकोए' हाही ऐकण्याच्याच धातूपासून झालेला, आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी व अखेरीस प्रेषित पौलाने तो विश्वासाला जोडून ठेवला आहे. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठासाठी नियमावली लिहिली, तिचा पहिलाच शब्द 'ऐक' असा आहे. गंमत म्हणजे आज्ञाधारकपणाचा एवढा आग्रह धरणारा हाच बेनेडिक्ट तिसऱ्या प्रकरणात मठाधिपतीला बजावतो की महत्त्वाच्या कामी सगळ्या बंधूंना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, कारण अधिक बरे काय ते प्रभू पुष्कळदा धाकट्यालाच दाखवतो. आणि अडुसष्टाव्या प्रकरणात, न झेपणारे काम अंगावर आले तर योग्य वेळी शांतपणे वरिष्ठाला अडचण सांगण्याची मुभा तो बंधूला देतो. जिथे ऐकणे नको असते, नुसती अंमलबजावणी हवी असते, तिथे मराठीने वेगळे शब्द राखून ठेवले आहेत: ताबेदारी, होयबागिरी, मान खाली घालणे. पाळकसाहेबांना सभेत हवी होती ती ताबेदारी. नाव मात्र तिला आज्ञापालनाचे दिले गेले.

आता ज्या वचनाने त्या मुलीला खाली बसवले ते वचनच पाहू. ते शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. अमालेक्यांवरची स्वारी संपवून शौल राजा परत येतो. लुटीतले काहीही ठेवायचे नाही असे त्याला सांगितलेले असते. त्याने टाकाऊ ते नष्ट केले आणि चांगली चांगली मेंढरे-गुरे राखून ठेवली. संदेष्टा शमुवेल समोर येताच राजा, कोणी विचारण्याआधीच, सांगून टाकतो की मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे. म्हातारा शमुवेल विचारतो: मग माझ्या कानी येते ते मेंढरांचे ओरडणे कसले? हे गुरांचे हंबरणे कसले? राजा म्हणतो, लोकांनी ती परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी राखली आहेत. म्हणजे, आमच्या पत्रकाच्या भाषेत, ती 'इतर खर्चा'तली मेंढरे होती. या उत्तरावर शमुवेल म्हणतो, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे. हे वाक्य कोणी कोणाला म्हटले? हिशेब मागणाऱ्याने, हिशेब देऊ न शकणाऱ्या सत्ताधीशाला. धर्मकार्याचे नाव पुढे करून लुटीचा माल झाकला जात होता, तो झाकू नये म्हणून ते उच्चारले गेले. नेमके तेच वाक्य हिशेब मागणाऱ्या मुलीच्या तोंडावर फेकणे म्हणजे पोलिसाची शिट्टी चोराने वाजवण्यासारखे आहे. (पाळकसाहेबांवर मी चोरीचा आळ घेत नाही. 'इतर' या ओळीखाली कदाचित सगळे सरळच असेल. पण सरळ असेल तर दाखवायला पाच मिनिटे पुरली असती.)

त्या अध्यायातली आणखी एक जागा भाषांतरात सहज निसटते. शमुवेल मेंढरांचा आवाज 'ऐकतो', यज्ञापेक्षा 'ऐकणे' बरे म्हणतो, आणि शेवटी शौल कबुली देतो की मला लोकांची भीती वाटली म्हणून मी त्यांचे 'ऐकले'. तिन्ही ठिकाणी मूळ धातू एकच, 'शामा'. म्हणजे शौलही आज्ञाधारकच होता, फक्त चुकीच्या आवाजाचा. प्रश्न ऐकण्याचा किंवा न ऐकण्याचा नसतोच, माणूस कोणाचे ना कोणाचे ऐकतच असतो. कोणाचे ऐकतो आहोत हे तपासायचे असते, आणि ते विचारल्याशिवाय कसे तपासणार? या अध्यायाचा आधार घेताना मला एक अवघडलेपण आहे, तेही सांगून टाकतो. ती मूळ आज्ञा सबंध लोकांचा संहार करण्याची होती, आणि इतकी वर्षे पवित्र शास्त्र वाचूनही तिच्यापाशी मी अडखळतो. मात्र शौलाने दयेपोटी कोणाला वाचवले असे मानायला तिथे जागा नाही. त्याने एका राजाखेरीज माणसे मारली आणि मेंढरे राखली.

पहिल्या पक्षाचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण माझी सारी नोकरी आज्ञेवर गेली. मी रेल्वेत एकतीस वर्षे स्टेशन मास्तर होतो. मोटरमन लाल सिग्नल पाहून वाद घालू लागला तर कल्याणहून येणाऱ्या सकाळच्या गाडीतले किती जण ठाण्यापर्यंत सुखरूप पोहोचतील? आमच्या मंडळीतले एक काका मला हेच ऐकवतात: "मास्तर, तुम्ही सिग्नलला कधी प्रश्न विचारलात का?" उत्तर असे आहे की सिग्नलच्या नियमातच विवेकाला जागा ठेवलेली आहे. स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर गाडी थांबवायची, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे वाट पाहायची, आणि तरीही तो लालच राहिला तर शिट्टी देऊन, पुढचा मार्ग डोळ्यांनी पाहत, अतिशय सावधपणे गाडी पुढे न्यायची. दिवा बिघडलेला असू शकतो हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. दुसरी गोष्ट अशी की मी गेटमनला फाटक बंद करायला सांगितले आणि तो नुसता 'हो' म्हणाला, तर ते माझ्यासाठी काहीच नव्हते. फाटक लावून त्याने प्रायव्हेट नंबर, म्हणजे खात्रीचा गुप्त आकडा, सांगायचा, मी तो रजिस्टरमध्ये लिहायचा, मग पुढचे काम. आणि नव्या स्टेशनवर रुजू होताना ॲश्युरन्स रजिस्टरमध्ये सही करावी लागे, ती 'मी आज्ञा पाळीन' अशी नव्हे. स्टेशनचे नियम मी वाचले आणि मला समजले, अशी. ज्या खात्यात एका चुकीने माणसे मरतात, त्या खात्याने समजून न घेता पाळलेल्या आज्ञेवर भरवसा ठेवलेला नाही. आत्म्याची राखण करण्याचा दावा सांगणाऱ्या मंडळीने त्याहून कमी मागावे काय?

शास्त्राच्या आधाराने बोलायचे तर पहिल्या पक्षाकडचे सर्वांत भक्कम वचन शमुवेलाच्या पुस्तकात नाही, ते इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आहे: आपल्या पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, त्यांच्या अधीन असा. हे वचन आहे, आणि ते नाही असे दाखवून कोणाचेच भले होणार नाही. पण तेच वाक्य पुढे सांगते की ते पुढारी तुमच्या जिवांची राखण करतात ती आपल्याला हिशेब द्यायचा आहे हे जाणून. हिशेब हा शब्द मी घुसडलेला नाही. शिवाय तिथे 'आज्ञेत राहा' यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ मन वळणे, पटणे असा आहे, आणि 'विश्वास' या अर्थाचा 'पिस्तिस' हा शब्द त्याच कुळातला आहे. ज्याला पटवून द्यायचे आहे त्याला बोलू द्यावे लागते. पहिल्या मंडळीने हे केलेही. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी तिला बंड ठरवले नाही. त्यांनी सभा बोलावली, सात माणसे निवडून घेतली आणि वाटप त्यांच्या हाती दिले. आणि पौल? यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पोहोचवताना त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस दिला आणि करिंथकरांना कारण लिहून कळवले: एवढ्या मोठ्या रकमेबद्दल आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये, केवळ प्रभूच्या नव्हे, माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते करण्याची काळजी आम्ही घेतो. ज्या माणसाने विश्वासाने नीतिमान ठरण्याचा सिद्धांत मांडला, त्याला आपला जमाखर्च तपासला जाणे अविश्वासाचे लक्षण वाटले नाही.

यावर पहिला पक्ष म्हणेल, आणि म्हणतोच, की हे सगळे व्यवहाराचे झाले. विश्वासाची खूण अशी की तो समजण्याआधी पाऊल उचलतो. अब्राहाम कोठे जायचे हे माहीत नसताना निघाला. हेही खरे आहे, आणि माझ्या मते या बाजूचे हे सर्वांत खोल म्हणणे आहे; सगळे कळल्यावरच हलायचे असेल तर त्याला विश्वास हा शब्द लावण्याची गरज काय? पण तोच अब्राहाम नाशाला नेमलेले सदोम नगर वाचावे म्हणून देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, दहा? जांभळी नाक्याच्या बाजारात भाजीवालीशीही इतक्या चिकाटीने कोणी घासत नाही, आणि देव प्रत्येक आकड्याला उत्तर देतो, एकदाही त्याला गप्प बस म्हणत नाही. येशूचा शिष्य पेत्र याचेही पाहा. जाळी टाका, असे एक सुतार कोळ्याला सांगतो. चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या जुन्या कोळ्याला बाहेरच्या माणसाने असा सल्ला देऊन पाहावा. पेत्र आधी बोलून घेतो की गुरुजी, रात्रभर कष्ट केले, हाती काही लागले नाही. आणि मग म्हणतो, तरी तुमच्या शब्दावरून टाकतो. तक्रार आणि आज्ञापालन एकाच वाक्यात आहेत, आणि येशूने त्या पहिल्या अर्ध्याबद्दल त्याला बोल लावलेला नाही. येशूची आई मरीया हिनेही, तुला मूल होईल असे सांगणाऱ्या देवदूताला 'होवो' म्हणण्याआधी 'हे कसे होईल?' असे विचारले होते.

सिग्नलवाल्या काकांनी इथे जखऱ्याचे उदाहरण काढले, आणि ते काढायलाच हवे होते. म्हातारपणी मूल होईल असे सांगणाऱ्या देवदूताला त्या याजकानेही प्रश्न विचारला आणि त्याची वाचा गेली. मरीया आणि जखऱ्या यांच्या प्रश्नांतला फरक भाष्यकार असा सांगतात की एकीला मार्ग हवा होता आणि दुसऱ्याला पुरावा; मला तो फरक पटतो, पण लूकच्या त्या ओळी वाचताना तो केसाएवढा बारीक आहे हेही दिसते. एवढे मात्र नक्की की जखऱ्याला मूल झाले, त्याला याजकपदावरून कोणी काढले नाही, आणि त्याला गप्प करणारा स्वर्गातला देवदूत होता, मंडळीचा पाळक नव्हता.

आता दुसऱ्या पक्षाकडे येतो. त्यांच्यावर माझा राग जास्त आहे, कारण त्या मुलीच्या बाजूने बोलताना त्यांनी तिचीच बाजू पाडली. 'विश्वास आमचा खासगी, आज्ञाबिज्ञा आम्ही मानत नाही' असे म्हटल्याबरोबर विरोधकांना हवे ते मिळाले: पाहा, हिशेब मागणारे शेवटी असेच असतात. पण ती तशी नाही. तिने महिन्याचा दशांश चुकवलेला मला आठवत नाही, पावसाळ्यात ट्रान्स-हार्बरची गाडी रखडली तरी ती उपासनेला पोहोचते, आणि लहान मुलांची शब्बाथशाळा गेली तीन वर्षे तीच घेते. त्या हॉलमधली सर्वांत आज्ञाधारक व्यक्ती तिने मागितलेल्या हिशेबामुळे अवज्ञेची पुढारी ठरली आणि ज्यांनी कधी सतरंजी उचलली नाही ते तिचे वकील झाले. ज्याला कसलीच आज्ञा लागू होत नाही असा विश्वास म्हणजे काय उरते? फार तर एक मत, जसे क्रिकेटबद्दल असते. याकोबाने हे आपल्या पत्रात कडक शब्दांत सांगितले, कर्मावाचून विश्वास मेलेला आहे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला ते पत्र इतके खटकले की १५२२ साली त्याने त्याला गवताच्या काडीची उपमा दिली, आणि विश्वास व कर्म यांवरून झालेल्या भांडणाच्या मुख्य मुद्द्यावर कॅथलिक व ल्यूथरन मंडळ्यांनी संयुक्त जाहीरनामा करायला १९९९ साल उजाडावे लागले. त्या लांबलचक इतिहासात इथे शिरत नाही. ल्यूथरच्याच परंपरेतल्या डिट्रिक बोनहोफरने १९३७ साली, हिटलरच्या राज्यात, या दोन्ही टोकांना जे उत्तर दिले ते पुरे आहे: जो विश्वास ठेवतो तोच आज्ञा पाळतो, आणि जो आज्ञा पाळतो तोच विश्वास ठेवतो. यातला एक अर्धा भाग तोडून वापरला की वाक्य खोटे पडते.

येशूचा दोन मुलांचा दाखला तर आमच्या दोन्ही पक्षांसाठीच सांगितल्यासारखा आहे. बापाने मळ्यात जायला सांगितले तेव्हा एक 'जातो' म्हणाला आणि गेला नाही. दुसरा 'जात नाही' म्हणाला, पण मागून गेला. बापाच्या मनासारखे कोणी केले, असे येशू विचारतो. 'आमेन' म्हणणाऱ्यांची संख्या मोजून मंडळीचा आज्ञाधारकपणा ठरत नाही, आणि 'नाही' म्हणून दाखवल्याने कोणी स्वतंत्रही होत नाही. मळ्यात कोण गेला, एवढेच विचारले जाईल.

मग विवेकबुद्धीचे काय? पहिल्या पक्षाचा एक आक्षेप मला अनेक दिवस सोडत नव्हता: प्रत्येक जण सोयीचे असेल तेव्हा 'माझा विवेक सांगतो' म्हणू लागला तर? हृदय सर्वांत कपटी आहे, असे संदेष्टा यिर्मयाच म्हणतो. आक्षेप खरा आहे आणि त्याला पुस्तकी उत्तर नाही. एका माणसाचे उदाहरण आहे. फ्रांझ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातल्या एका खेड्यातला शेतकरी, गावच्या चर्चचा सेवेकरी. हिटलरच्या सैन्यात लढणे पाप आहे असे त्याला वाटले. त्याने मनानेच काही ठरवले नाही. तो धर्मगुरूंना भेटला, लिंट्झच्या बिशपांना जाऊन भेटला, आणि बहुतेकांनी त्याला सांगितले की युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणे तुझे काम नाही, तुझे कर्तव्य बायको-मुलांकडे आहे. तो ऐकून आला, आणि तरी त्याने नकार दिला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २००७ साली त्याच चर्चने त्याला 'धन्य' म्हणून गौरवले. त्याच्याकडे पाहून मला एक ओबडधोबड कसोटी सापडली. जो विवेक माझे ओझे हलके करतो त्याच्याकडे संशयाने पाहावे. जो विवेक माझ्याकडून किंमत वसूल करतो त्याचे निदान नीट ऐकून घ्यावे. पुढाऱ्यालाही हीच कसोटी लागू पडते. ज्या आज्ञेने आज्ञा देणाऱ्याचीच सोय होते, तिच्यापुढे मान डोलवण्याआधी थोडे थांबायला हरकत नाही. १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये गयानातल्या जोन्सटाउनला नऊशेहून अधिक माणसे मेली, त्यांतली बहुतेक एका पंथगुरूच्या सांगण्यावरून विष घेऊन. तिथेही प्रश्न विचारणे हाच अविश्वास मानला जात होता.

कोणी ठाण्याच्या हुतात्म्यांचे नाव घेतात. १३२१ साली याच ठाण्यात तोलेंतिनोचा थॉमस हा फ्रान्सिस्कन साधू आणि त्याचे तीन सोबती मारले गेले. त्यांनी मुकाट प्राण दिले की नाही, असे विचारतात. प्राण दिले, मुकाट नाही. न्यायासनासमोर त्यांना त्यांचा विश्वास विचारला गेला आणि जे उत्तर दिल्याने जीव वाचला असता ते त्यांनी दिले नाही. हुतात्म्यासाठीचा ग्रीक शब्द 'मार्तुस' हा मुळात साक्षीदाराचा आहे, आणि गप्प राहणाऱ्याची साक्ष कोणत्या कोर्टात धरतात?

सर्वांत जास्त आश्चर्य मला याचे वाटते की हा वाद मराठी ख्रिस्ती लोकांत व्हावा. आमच्या घराण्याची मुळे नगर जिल्ह्यातली; रमाबाई आणि रेव्हरंड टिळक ही नावे आमच्याकडे प्रार्थनेइतकी घरची. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि दोनच वर्षांत त्यांना आपल्या धर्ममातेशी, वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी, याच विषयावर पत्रांतून झगडावे लागले. मे १८८५ च्या पत्रात त्यांनी बजावले की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाद्री किंवा बिशप यांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द स्वीकारायला बांधलेली नाही. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले ते तसलेच दुसरे घालून घेण्यासाठी नव्हे. आणि देवाच्या वचनाची आज्ञा पाळणे निराळे, केवळ धर्मगुरूंची आज्ञा पाळणे निराळे. हे लिहिणारी सत्तावीस वर्षांची विधवा परक्या देशात, त्याच लोकांच्या आश्रयाला होती. ती अविश्वासी होती असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? तिने पुढे केडगावला हजारो निराधार बायका-मुलींना आसरा दिला आणि मूळ भाषांतून सबंध शास्त्र सोप्या मराठीत आणले. ज्याला मी आज्ञापालन म्हणतो ते हेच.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट मला याहूनही जवळची वाटते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या बाईला 'नवऱ्याची आज्ञा' हा शब्द जन्मभर ऐकवला गेला होता, आणि तरी नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ती झाली नाही. ताटातूट सोसली, लोकांची बोलणी सोसली, परत एकत्र राहू लागल्यावरही आपले सोवळे-ओवळे सांभाळले, आणि जातिभेद देवाने केलेला नाही हे एके दिवशी स्वतःच्या विचाराने पटल्यावर, पाच वर्षांनी, तिने बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा मोठेपणा असा की त्यांनी थांबून घेतले. १९१७ साली त्याच टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' नावाचा भक्तमेळा उभा केला, तेव्हा त्यांनी ख्रिस्ताची सेवा सोडली असे कोणी म्हटले नसते. अशा घराचे वारस आपण, आणि आपल्यातली मुलगी चार ओळींचा खुलासा मागते तर आपण तिला 'बाई' म्हणून खाली बसवतो. हाच प्रश्न एखाद्या पंचाने, पुरुषाने, विचारला असता तर शौलाचा अध्याय निघाला असता का, अशी शंका मला आहे. आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांच्या चर्चची शिस्त आमच्यापेक्षा कडक समजली जाते; पण १९८३ च्या त्यांच्या कायदेसंहितेत ज्या २१२ व्या कलमात धर्मगुरूंची आज्ञा पाळायला सांगितले आहे त्याच कलमात, चर्चच्या हिताच्या बाबतीत आपले मत धर्मगुरूंना कळवणे हा भाविकांचा हक्क आणि प्रसंगी कर्तव्य आहे, असेही लिहिलेले आहे. एकाच कलमात दोन्ही मावले.

जमाखर्च अजून आलेला नाही. ती मुलगी दर रविवारी येते, आणि उपासनेनंतर हॉलच्या मागच्या कोपऱ्यात मुलांना घेऊन बसते. मागच्या महिन्यात धडा लहान शमुवेलाचा होता. मी खुर्च्या एकात एक घालून ठेवत होतो. मुलांच्या पुस्तकातले चित्र सगळ्यांच्या ओळखीचे: अंथरुणावर उठून बसलेला पोरगा, आणि खाली 'बोल, तुझा दास ऐकत आहे'. तिथे धडा संपतो. कोपरीच्या एका सहा-सात वर्षांच्या मुलाने विचारले, "टीचर, मग देव काय बोलला?" तिने पुस्तक मिटले, पवित्र शास्त्र उघडले आणि पुढचे वाचून दाखवले: याजक एलीचे मुलगे लोकांच्या अर्पणातले मांस आकड्याने काढून घेत होते, एलीला ते ठाऊक होते, आणि देव त्याबद्दल बोलला. हे आपल्या म्हाताऱ्या गुरूला कसे सांगावे म्हणून शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला, मग उठून त्याने मंदिराची दारे उघडली. एलीने त्याला हाक मारली आणि म्हणाला, माझ्या मुला, त्याने तुला काय सांगितले? माझ्यापासून काही लपवू नकोस.